घरी १० फुटी प्लायवूडची होडी बांधायची आहे. पॉलिस्टर रेझिन घेऊ की इपॉक्सी?

लाकडी होडीला इपॉक्सीच घ्या. पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण लाकडाला नीट धरत नाही. पाणी शिरलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो. प्लाय ‘आयएस ७१०’ (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापाचा मरीन, ६ मिमीचा. कापल्यावर कड नीट बघा, आतल्या थरात पोकळी दिसली तर परत करा.

इपॉक्सीबरोबर फायबरचं विणलेलं कापड वापरा, चॉप्ड मॅट (तुटक तंतूंची चटई) नको. बहुतेक मॅटमधला बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ, पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकानेच विरघळतो, इपॉक्सीत नाही. हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारा दुसरा घटक) डब्यावर लिहिलंय तेवढंच. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर तो भाग चिकटच राहतो. शक्यतो पावसाळा टाळा. दमट हवेत थरावर मेणचट साय येते, ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नका.

आणि हातमोजे घालाच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.