आज्जीला तिकडं बोलवायचं तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये नंदगड सोडून दोन्ही मुलांना घेऊन कॅनडात एडमंटनला निघताय. सासूबाई गावीच राहणार. लग्न झाल्यापासून त्या तुमच्याशी मोजकंच बोलतात, नातवंडांनाही फारसं जवळ घेत नाहीत, आणि तरी त्यांनी तिकडं येऊन मुलांबरोबर थोडे दिवस राहावं असं तुम्हाला वाटतं. व्हिसाचे प्रकार, विमा, उत्पन्नाची अट हे सगळं कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर आहे, ते मी परत सांगत नाही. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली, शेतकरी घरातली सून. बरीच वर्षं एडमंटनमध्ये आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून लांबलचक लिहिते.

एकटेपणाचंही विचारलंत. तो असतो. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, पण डबे, नोकरी, अंगणातला बर्फ यांत दिवस निघून जातो. सवय होते.

सासूबाईंना नातवंडांची ओढ नाही हे मला पटत नाही. आपल्याकडची बाई शेताची, गोठ्याची, देवघराची मालकीण असते. तिला तुम्ही बोलावता ते अशा घरात, जिथं चहाचा गॅससुद्धा कुणाला तरी विचारून लावायचा. त्यात "मुलांना सांभाळायला या" म्हटलं की गावात बोलणं सुरू होतं, सुनेनं राबायला नेली म्हणून. आमच्या आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे कानांनी ऐकलं होतं. कित्येक वर्षं त्यांचं एकच उत्तर असायचं, "काय करू येऊन?" त्याचा राग येऊ देऊ नका. त्यांना ते खरंच विचारायचं असतं.

मग वेळेचा प्रश्न. इथले सगळे सांगतात, उन्हाळ्यात बोलवा. इथला उन्हाळा म्हणजे मे ते ऑगस्ट, आणि आपल्याकडं तेव्हाच पेरणी, मग भाताची रोप लावणी, मग रताळ्याचे वेल. पेरणी टाकून कुठली शेतकरीण विमानात बसेल? लावणी झाली की गणपती. गणपती घरात बसायच्या आधी त्या उंबरा ओलांडणार नाहीत. गणपती गेल्यापासून सुगी सुरू होईपर्यंत जी फट राहते तेवढीच खरी. सप्टेंबरात इथं हवा छान असते, झाडं पिवळी होतात, ऑक्टोबरात गारठा वाढतो. मी आत्तींना तेवढंच म्हटलं, गणपती पोचवून या, सुगीला परत जावा. सुगीला परत जायचंय हे ऐकलं आणि त्या पहिल्यांदा "बघूया" म्हणाल्या. तोवर यांनी फोनवर सुपर व्हिसाचं सांगितलं होतं, आईवडिलांना, आज्जीआजोबांना मिळतो तो, एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं म्हणून. आत्ती म्हणाल्या, "म्हंजे माझं मर्तिक तिकडंच करनार काय?" पहिल्या खेपेला साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो. ५ वर्षांचं नाव काढू नका.

कागदांचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत्तींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. मतदार ओळखपत्रावर वय वेगळं, सासऱ्यांच्या पेन्शनच्या कागदावर आणखी वेगळं. एका कार्यालयातून त्यांना भर उन्हात परत पाठवलं, दुसऱ्यांदा गेल्या तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, कानडीत बोला. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बाई. स्वतःच्या शेताचा उतारा कानडीत, तो त्यांना वाचता येत नाही. कॅनडाच्या अर्जासाठी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, प्रतिज्ञापत्रासकट, तेही वाचता येत नाही. आपलीच जमीन, आणि दोन्ही कागदांवर नुसता अंगठ्याएवढा विश्वास ठेवायचा. हे लिहितानासुद्धा माझा जीव जळतो. तुमच्या सासूबाईंचे कागद आत्ताच, तुम्ही गावात असतानाच, एकमेकांशी ताडून बघा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही त्यांना बेंगळुरूला नेलं, रात्रीच्या गाडीनं. ते एकदा दिले की १० वर्षं चालतात, एवढं बरं.

पण त्याच अर्जानं एक वेगळीच गोष्ट घडवली. त्यात आईवडिलांच्या जन्मतारखा विचारतात. मी फोनवर विचारलं, आत्ती, तुमच्या आईची जन्मतारीख? त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. मग सांगायला लागल्या, आई कशी होती, बाळंतपणात कशी गेली, धाकट्या भावाला कडेवर घेऊन ही मुलगी गुरं कशी राखायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. जिला आठनऊ वर्षांची असतानाच मूल सांभाळावं लागलं, ती पुढं मुलांना जवळ घ्यायला का कचरत असेल, हे मला त्या दिवशी थोडं कळलं. सासूबाईंचा अर्ज यजमानांना भरू देऊ नका. तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ बसून भरा.

आता शाळा. माझी थोरली बालवाडीत गेली तेव्हा बाईंनी निरोप धाडला, घरी इंग्रजीच बोला, मुलगी मागं पडतेय. मी जाऊन सांगितलं की आमच्या घरी मराठीच बोलणार. मी ज्या मुलखातून आले तिथं मराठीसाठी माणसं १९५६ पासून भांडतायत. बाई हसल्या, बरं म्हणाल्या. पण मुलीच्या कानात ते गेलं होतं. ती माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली, फोनवर आज्जी आली की उठून जायला लागली. आत्ती विचारायच्या, "पोरगी बोलंना झालीया का?" मी काय सांगणार? एका वाक्यानं आज्जी आणि नातीच्या मधला एवढा रस्ता खणून टाकला, आणि त्या बाईंना ते आठवतही नसेल. तुमच्या मुलांना शाळेत कुणी असं सांगितलं तर मुलांच्या देखत नाही म्हणा.

फोनची वेळ बदलल्यावर फरक पडला. हिवाळ्यात साडेबारा तासांचं अंतर पडतं. आम्ही सकाळी शाळेच्या गडबडीत लावायचो, तेव्हा आज्जी रात्रीच्या जेवणाला बसलेली. मग शनिवारी संध्याकाळी सहाला लावायला लागलो. तेव्हा गावात रविवारची पहाट, आत्ती गोठ्यात. जाऊबाई मोबाइल धरून उभ्या, आत्ती धार काढतायत, कॅमेऱ्याकडं बघतही नाहीत. कुणी कुणाला "बोल ना" म्हणत नव्हतं. मुलं नुसती बघायची. महिन्याभरानं मुलीनं विचारलं, म्हशीचं नाव काय? मोडक्या मराठीत, पण तिच्या तिनं.

आणायला हे स्वतः गेले. तुमच्या यजमानांनाही जायला सांगा. भारतातून एडमंटनला थेट विमान नाही, वाटेत बदलावं लागतं. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवा. आत्ती "मला काय हुतंय?" म्हणाल्या, पण ती घेतली की रांगेत बरोबर माणूस असतो.

आल्यावर मी त्यांना पोळपाट, तवा आणि धाकट्याला ताब्यात दिलं आणि कामावर गेले. पाळणाघराची जागा राखायला तेवढ्या महिन्यांची फी भरावीच लागली, मूल न पाठवता. भरली. घरात त्यांच्यावर नजर ठेवणारं कुणी नसणं गरजेचं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या एकट्या जायच्या, खुणेनं कोथिंबीर घेऊन यायच्या. इथल्या इतर आज्या बिचकतात तशा त्या बिचकल्या नाहीत. कचेरीची भाषा आपली नसताना जगायची सवय त्यांना जन्मापासून आहे. दुपारी थोरली शाळेतून आली की भाकरी थापायला बसायची. भाकरी फाटायची, आज्जी रागवायची, मुलगी मराठीतच वाद घालायची. मी घरी असले की दोघी माझ्याकडं बघून बोलायच्या, मी नसले की एकमेकींशी. म्हणून मी उशिरा घरी यायला लागले.

आणि हे तुम्हाला सांगायलाच हवं. त्यांचं माझं अजून जुळलेलं नाही. आईच्या आठवणी त्या आता नातीला सांगतात, मी खोलीत आले की विषय बदलतात. जाताना मुलांना कुरवाळून रडल्या, मला म्हणाल्या, "डबा धुऊन ठेवलाय." मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही. आपल्या मुलांचाच हेवा वाटणं हे कुणाला सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बोलले. तुमच्याही बाबतीत मुलांचं आधी जुळेल आणि तुम्ही मागं राहाल, असं होऊ शकतं. तरी बोलवा.

तुमच्याकडं खानापूर भागात सुगी कधी आटोपते, आणि सासूबाईंचा पासपोर्ट काढलाय की नाही, एवढं कळवा. अर्ज कुठल्या महिन्यात टाकायचा ते त्यावरून सांगते.