तिळं आहे म्हणता, पण वार किती?

तिळं म्हणजे एकाच वेळी पोटात तीन बाळं, आणि वार म्हणजे नाळेतून बाळाला आईकडचं पोषण पोचवणारा भाग. तिळ्यांबद्दलच्या त्याच शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून या वेळी पाच जणींचे प्रश्न एकत्र घेते.

जोडकेळं खाल्लं म्हणून तिळं राहिलं, असं सासूबाई म्हणतात. खरं का? (साखर पेठ)

नाही. केळं खुशाल खा.

ओळखीच्या मेडिकलमधून अंडं तयार होण्याच्या गोळ्या मिळाल्यात. घेऊ का? (बार्शी)

घेऊ नका. त्यांनी एकाच महिन्यात दोन-तीन अंडी फुटू शकतात. सोनोग्राफीवर अंडी मोजायची आणि जास्त दिसली तर त्या महिन्यात थांबायचं, हे काउंटरवरून कोण सांगणार? ‘एकाच खर्चात तीन मुलं’ असं पॅकेज कुणी पुढे केलं, तर तिथून उठा.

अकरावा आठवडा आहे. वार बघायची सोनोग्राफी डोहाळजेवणानंतर केली तर? (अक्कलकोट)

चालणार नाही. याच आठवड्यात जा.

तिघांना तीन वारा असतात, नाहीतर दोघांत किंवा तिघांत मिळून एकच. हे ११ ते १४ आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसतं. बाळांमधला पडदा वारेला टेकतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वारा वेगळ्या. बारीक रेघ सरळ उतरली तर एकच. बाळं वाढली की ही खूण पुसट होते. सामायिक वारेत रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाऊ लागलं की एका बाळाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती साचतं. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी लागते. वेळेत कळलं तर लेसरने त्या वाहिन्या बंद करता येतात.

सहाव्या महिन्यात आलेली एक बाई आठवते. फाइलमध्ये तीन रिपोर्ट, तिन्हींवर ‘तीन गर्भ, ठोके चांगले’. वारेबद्दल एक अक्षर नाही. प्रोब ठेवला, तर एक बाळ पाण्यावाचून पडद्यात गुंडाळल्यासारखं, जागचं हलत नव्हतं. रिपोर्ट हातात आला की आधी वारेची ओळ शोधा. नसेल तर तिथेच लिहून मागा.

एक गर्भ कमी करावा का? (पंढरपूर)

तिळं सरासरी बत्तीस-तेहतीस आठवड्यांत जन्मतं, बाळं जेमतेम दीड-पावणेदोन किलोची. एक कमी केल्यास फार लवकर प्रसूती होण्याचा धोका घटतो, पण त्यात सगळाच गर्भ पडण्याचीही जोखीम आहे. वार सामायिक असेल तर गर्भ कमी करायचं नेहमीचं इंजेक्शन देता येत नाही, जोडीच्या बाळालाही इजा होते. म्हणजे पुन्हा वारच. गर्भतज्ज्ञांसमोर नवरा-बायको दोघांनी बसून ठरवा. मुलगा-मुलगी बघून निवड करणं मात्र गुन्हा आहे.

पूर्ण वेळ झोपून राहू का? (अशोक चौक)

नको. त्याने दिवस लांबत नाहीत, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. जड उचलणं आणि तासन्‌तास विड्या वळत बसणं सोडा. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात तीन खाटा कुठे मिळतील, हे सहाव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा. कळ आली, पाणी गेलं, डोकं ठणकलं, तर मध्यरात्रीही निघा. बाळांच्या फुफ्फुसांसाठी आईला देतात त्या इंजेक्शनाचा पूर्ण गुण यायला एक-दोन दिवस लागतात.