सिरॅमिक घेतलं तर अंतराळाचं दार बंद होतं का?

प्रश्न : मी हर्णै बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. यानाच्या थ्रस्टरमधल्या भिंतींवर काम करायचंय म्हणून तिला मटेरियल्स किंवा सिरॅमिक शाखा हवी आहे. आम्ही एरोस्पेस घे म्हणतो. सिरॅमिक म्हणजे कपबशा आणि फरशाच ना? – एक पालक, दापोली तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुलगी नेमकं बोलते आहे, तिचं ऐका.

हॉल थ्रस्टर म्हणजे यान ढकलणारं, विजेवर चालणारं छोटं इंजिन. त्यात झेनॉन वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एका वलयाकार चॅनेलमधून वेगाने बाहेर फेकले जातात. चॅनेलची भिंत बहुधा बोरॉन नायट्राइड या सिरॅमिकची असते. तुमच्या इंजिनाच्या लायनरसारखीच, म्हणजे आतल्या अस्तरासारखीच, तीही झिजते, पण तिचं काम तेवढ्यावर संपत नाही. प्लाझ्मातले, म्हणजे आयन आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या तापलेल्या वायूतले, इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटले की भिंत स्वतःचे इलेक्ट्रॉन बाहेर टाकते. ते जास्त सुटले तर प्लाझ्मा थंडावतो आणि वीज भिंत तापवण्यात वाया जाते. ॲल्युमिना या दुसऱ्या सिरॅमिकचा हाच दोष. ग्राफाइट कमी इलेक्ट्रॉन सोडतं, पण ते वीजवाहक, त्यामुळे प्रवाह वाढतो आणि कार्यक्षमता घटते. बोरॉन नायट्राइड-सिलिका, ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड आणि ग्राफाइट एकाच थ्रस्टरमध्ये तपासले, तेव्हा पहिलंच सरस ठरलं. पुढे अमेरिकेतल्या नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने चुंबकक्षेत्राची रचना बदलून गरम प्लाझ्मा भिंतीपासून दूर ठेवला. मग ग्राफाइटच्या भिंतीनेही फारसं बिघडलं नाही! म्हणजे मटेरियल आणि प्लाझ्मा दोन्ही कळणारी माणसं इथे लागतात.

इस्रोने मार्च २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची १००० तासांची चाचणी जाहीर केली. जोर जेमतेम ३० ग्रॅम वजनाएवढा, पण त्या चाचणीतही लायनरच्या झिजेवर लक्ष होतं.

आता प्रवेशाचं. सिरॅमिकसाठी वाराणसीचं आयआयटी-बीएचयू, पण त्याला जेईई ॲडव्हान्स्ड हवी. जेईई मेनवर नागपूरचं व्हीएनआयटी, सीईटीवर पुण्याचं सीओईपी; दोन्हीकडे धातुशास्त्र आणि मटेरियल्सची शाखा आहे. एरोस्पेसच हवं असेल तर तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी (अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था), तिथेही ॲडव्हान्स्डच लागते.

एक सांगून ठेवतो, निव्वळ थ्रस्टरच्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच. मटेरियल्सवाल्याला पोलाद, बॅटरी, सेमीकंडक्टर हे रस्ते उघडे राहतात, म्हणून माझा कौल तिच्या बाजूने. मात्र पदवीत प्लाझ्मा भौतिकी फारशी येत नाही, ती तिला स्वतः शिकावी लागेल. त्यासाठी बारावीचं विद्युतचुंबकत्व आत्ताच पक्कं करायला सांगा. आणि पसंतीक्रम तिलाच भरू द्या.