चिलट ओळखायचं ते मिशांवरून

प्रश्न : कुंड्यांभोवती आणि मोरीपाशी बारीक काळी चिलटं उडतात. फोटोत नुसता ठिपका दिसतो. दोन्ही एकाच जातीची असतील का?

उत्तर : बहुधा नाही. रंगावर आणि आकारावर विसंबू नका. दोन-तीन मिलिमीटरची काळपट चिलटं चार-पाच वेगवेगळ्या कुळांतली असू शकतात. एखादं पारदर्शक डबीत धरा आणि डबी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका, डबी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर दव धरतं आणि पंख चिकटून बसतात. चिमटीत तर धरूच नका, मिशा तिथेच तुटतात. आता पांढऱ्या कागदावर ठेवून 10 पट भिंगातून पाहा.

आधी पंख मोजा. दोन जोड्या असतील तर ती माशी नव्हेच. बारीक गांधीलमाशी किंवा पंखवाला मावा असेल. एकच जोडी असली की मिशांकडे वळा.

मिशा लांब, मणी ओवल्यासारख्या, पाय लांब आणि पंखाच्या मध्याजवळ एका शिरेला बेचकीसारखे दोन फाटे : हे कुंडीतल्या ओल्या मातीचं, बुरशीवर वाढणारं चिलट. मिशा मण्यांच्याच पण पंख रुंद, केसाळ, पतंगासारखे, शिरा लांबीच्या दिशेने कडेपर्यंत गेलेल्या : ही मोरीची माशी. बोट लागलं तर भुकटी उरते.

मिशा आखूड असतील तर पाठ पाहा. पाठीला कुबड, मागच्या मांड्या रुंद, पुढच्या कडेच्या शिरा जाड आणि बाकीच्या पुसट : ही कुबडी माशी. तिला हुसकावलं तर उडण्याआधी ती झटके देत पळते, ही खूण भिंगाशिवायही दिसते. धुरकट पंखांवर फिकट ठिपके असतील तर ती शेवाळावरची माशी. कुंडीतल्या चिलटाशी तिची गल्लत फार होते, कारण दोघी ओल्या मातीवरच सापडतात.

प्रश्न : अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या फळमाशीचे लाल डोळे फिके पडले. ओळखण्यात चूक झाली का?

उत्तर : नाही. डोळ्यांतला लाल रंग अल्कोहोलमध्ये उतरतो, म्हणून तो बुडवण्याआधीच टिपून ठेवावा. अल्कोहोल 70 टक्के घ्या. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनची शाई विरघळते. तुमची माशी पिकल्या फळांवर घोंगावणारी ड्रॉसोफिला असावी. बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती वेगळी, जवळपास घरमाशीएवढी. ड्रॉसोफिलाच्या आखूड मिशीवरचा केस पिसासारखा फाटे फुटलेला असतो आणि पंखाच्या पुढच्या कडेची शीर दोन ठिकाणी खंडित असते. या दोन्ही खुणा अल्कोहोलमध्येही टिकतात.