तुमचे प्रश्न : मूडल नवं करायचंय, सुरवात कुठनं करू?

प्रश्न : सर नमस्कार, मी राजारामपुरीजवळच्या एका सीनियर कॉलेजात कॉमर्स शिकवते. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आमच्याकडं मूडल (कोर्स, असाइनमेंट, क्विझ ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलं आणि "मॅडमना कॉम्प्युटरचं कळतंय" म्हणून ते जे माझ्या गळ्यात पडलं ते अजून उतरलेलं नाही. आवृत्ती 3.9 आहे. ज्या मुलानं बसवून दिलं तो पुण्याला नोकरीला लागला, फोन उचलतो पण "मॅडम शनिवार-रविवार बघतो" म्हणतो आणि तो शनिवार काय येत नाही. आता प्राचार्यांचं म्हणणं, सगळ्यात लेटेस्ट टाका, नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत. सर्व्हरवर साठ-सत्तर जीबी डेटा आहे, प्रश्नपेढीत किती प्रश्न साठलेत देव जाणे, शिवाय हजेरीचं आणि सर्टिफिकेटचं प्लगइन (वरनं जोडलेली जादा सोय) आहे, थीम म्हणजे साइटचं रूप विकत घेतलेलं आहे. मुलांचे मार्क गेले तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अपग्रेडचं बटण दाबू का नको?

उत्तर : मॅडम, आत्ता दाबू नका. तुमची भीती बरोबर आहे पण ती चुकीच्या ठिकाणी आहे. मार्क अपग्रेडनं सहसा जात नाहीत, मार्क जातात ते अपग्रेड अर्ध्यात अडकल्यावर घाबरून माणूस जे काय करतो त्यानं. म्हणून बटण हे सगळ्यात शेवटचं काम, त्याच्या आधीचं जे आहे त्यालाच प्लॅनिंग म्हणायचं.

पहिल्यांदा प्राचार्यांचं "लेटेस्ट". मूडलची नवी मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास, आणि त्यातल्या मोजक्याच एलटीएस म्हणजे लांब मुदतीच्या असतात. तुमची 3.9 पण एलटीएसच होती, पण तिला सुरक्षेचे पॅच म्हणजे दुरुस्त्या मिळणं डिसेंबर 2023 मध्येच थांबलं, म्हणजे तेव्हापासून तुमचं घर विनाकुलूप आहे, बदलायला तर हवंच. त्यानंतरची एलटीएस 4.1, तिचीही मुदत डिसेंबर 2025 ला संपली. नंतरची 4.5, ऑक्टोबर 2024 ला आलेली, तिला ऑक्टोबर 2027 पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार. माझं मत विचाराल तर 4.5 वर जा आणि गप बसा. 5 च्या मालिकेत बदल लय आहेत, मजकूर लिहायचा जुना ॲटो एडिटर काढलाय, चॅट आणि सर्व्हे मूळ पॅकेजमधनं बाहेर काढलेत, 5.1 पासून तर वेब सर्व्हरला पब्लिक नावाच्या वेगळ्या फोल्डरकडं वळवायला लागतं. एकटीनं सांभाळणाऱ्या माणसानं ही सगळी ओझी एकाच खेपेत उचलायची गरज नाही. प्राचार्यांना "एलटीएस टाकतोय" असं सांगा, इंग्रजी अक्षरं ऐकली की मिटिंगमध्ये वाद कमी होतो हा अनुभव आहे.

आता वाट. 3.9 वरनं थेट 4.5 ला उडी मारता येत नाही, कारण 4.5 ला किमान 4.1.2 वरनंच जाता येतं. म्हणजे मध्ये 4.1 चा थांबा घ्यायचा, आणि तो 4.1 चा शेवटचा पॅच घेऊनच. त्यात पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिची) गोम अशी की मूडल 3.9 ही पीएचपी 7.4 च्या पुढं चालत नाही आणि 4.5 ही 8.1 च्या खाली चालत नाही. 4.1 मात्र 7.4 वर पण चालते आणि 8.1 वर पण, म्हणून तीच मधला पूल. डेटाबेस (मार्क, प्रश्न, नावं जिथं साठतात तो) पण बघून घ्या, 4.5 ला मायएसक्यूएल 8.0 किंवा मारियाडीबी 10.6.7 तरी लागतं.

मी असतो तर असं केलं असतं. चालू सर्व्हरला हात लावायचा नाही. त्याची एक हुबेहूब कॉपी काढायची आणि त्या कॉपीवर पीएचपी 7.4 असतानाच 3.9 चं 4.1 करायचं, मग तिथला डेटाबेस आणि मूडलडेटा फोल्डर (अपलोड केलेल्या फायलींचं) उचलून एका नव्या मशिनवर न्यायचं जिथं उबंटू 24.04 ही लिनक्स सिस्टिम आहे (त्यात पीएचपी 8.3 आयतं मिळतं, 4.5 ला चालतं) आणि तिथं 4.5 करायचं. जुना सर्व्हर तसाच उभा, धक्का न लागलेला. नवा कोड जुन्या फोल्डरवर ओतायचा नाही हेही लक्षात ठेवा, जुन्या फायली मध्ये राहतात आणि नंतर भलतेच एरर येतात. रिकामं फोल्डर, त्यात नवा कोड, जुनी कॉन्फिग फाइल, आणि प्रत्येक प्लगइनची त्या आवृत्तीला चालणारी नवी प्रत.

प्लगइनची यादी आजच वहीत काढा. हजेरीचं प्लगइन 4.5 ला चालतं का, सर्टिफिकेटचं चालतं का, हे मूडलच्या प्लगइन डिरेक्टरीत प्रत्येकाच्या पानावर दिसतं. विकतच्या थीमचं मात्र मला अवघड दिसतंय, कारण 4.0 ला (एप्रिल 2022) सगळा चेहराच बदलला, 3.9 च्या काळातली थीम त्यावर बसत नाही. कंपनी नवी प्रत देत असेल तर घ्या नाहीतर सोबत येणारी बूस्ट थीम लावा, वर कॉलेजचा लोगो टाका, कुणाला काय फरक पडत नाही.

आता रंगीत तालीम, हाच खरा जीव आहे या कामाचा. वर सांगितलेलं सगळं एकदा पूर्ण करून बघायचं, खोटं खोटं, आणि घड्याळ लावून. डेटाबेसचा डंप (म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवणं) किती मिनिटं, कॉपी किती, 3.9 ते 4.1 किती, 4.1 ते 4.5 किती, सगळं त्याच वहीत. तुमच्याकडं प्रश्नपेढी मोठी आहे म्हणताय, तर 4.1 च्या पायरीला वेळ लागणार हे धरून चाला, कारण 4.0 पासून प्रत्येक प्रश्नाच्या आवृत्त्या वेगळ्या ठेवायची पद्धत आली आणि अपग्रेड करताना जुना एकेक प्रश्न नव्या टेबलांमध्ये मांडला जातो. त्यावेळी स्क्रीन हलत नाही. माणसाला वाटतं अडकलं, आणि तो रिफ्रेश मारतो. मारू नका. खरं तर ब्राउझरमधनं करूच नका, काळ्या पडद्यावर कमांडनं करा, म्हणजे मधेच ब्राउझर वेळ संपली म्हणून हात वर करणार नाही.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नका, तो उघडून बघा. मी पहिल्यांदा एका संस्थेचं मूडल हलवलं तेव्हा डंप घेतला, साइज बघितली, खूश झालो, सकाळी हजेरीपट उघडला तर सगळीकडं प्रश्नचिन्हं. माने म्हणजे चार प्रश्नचिन्हं, पाटील म्हणजे पाच, चौगुले म्हणजे सहा. मी आणि तिथले क्लार्क बसून प्रश्नचिन्हं मोजून आडनाव ओळखत होतो, हसू पण येत होतं आणि घाम पण फुटला होता. कारण एवढंसंच, डंप घेताना अक्षरांचा संच लॅटिन राहिला होता, मराठी अक्षरं झेपणारा यूटीएफ-8 एमबी4 सांगायचं राहिलं होतं. जुना सर्व्हर बंद केला नव्हता म्हणून वाचलो. तर तालमीत मराठी नावांचा एक कोर्स, एक जुनी क्विझ, एका मुलाचे मार्क आणि एक अपलोड केलेली पीडीएफ एवढं उघडून बघाच.

साठ-सत्तर जीबीला घाबरू नका. त्यातली कॅशे, टेंप आणि कचरापेटीची फोल्डरं न्यायची गरज नसते. बाकीचं आरसिंकनं (फक्त बदललेलं तेवढंच कॉपी करणारी कमांड) चार दिवस आधीच नेऊन ठेवायचं, मुख्य दिवशी फक्त मधल्या काळात बदललेलं तेवढंच जातं.

दिवस कुठला? परीक्षा आणि असाइनमेंटची शेवटची तारीख सोडून, आणि कृपा करून जुलै-ऑगस्ट नको. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. सर्व्हर भले मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असू दे, तुम्ही कोल्हापुरात बसून करणार, तुमची लाइट आणि नेट गेलं तर काय करणार? मे महिन्यातला एखादा शनिवार दुपारी दोन वाजता चालू करा, रविवार हाताशी राहतो. रात्री दहाला कशाला सुरू करतात लोक मला कळत नाही, झोपेत चुका होतात आणि मदतीला कुणी फोन उचलत नाही.

आणि माघारी कधी फिरायचं हे शुक्रवारीच लिहून ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, सामान हलवायला लागायचं ते 39 लाच, हे आपल्याकडं पोराबाळांना पण माहीत आहे. तसंच, तालमीत लागलेल्या वेळेच्या दीडपट वेळ गेला आणि अजून साइट उघडत नसेल तर तिथं थांबायचं, पत्ता जुन्या सर्व्हरकडंच ठेवायचा, जुन्या साइटवर कामापुरता लावलेला मेंटेनन्स मोड ("काम चालू आहे"ची पाटी) काढायचा, सोमवारी कॉलेज नेहमीसारखं. त्यात कमीपणा नाही. (त्यासाठी डीएनएसचा, म्हणजे साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडं जातं त्या नोंदीचा, टीटीएल म्हणजे ती नोंद लोकांच्या नेटवर किती वेळ लक्षात राहते तो काळ दोन-तीन दिवस आधीच पाच मिनिटांवर आणून ठेवा, नाहीतर पत्ता फिरवला तरी अर्धी पोरं भलत्याच सर्व्हरवर जातात.) पण एकदा का मुलांना नव्या साइटवर आत सोडलं आणि त्यांनी असाइनमेंट टाकायला सुरवात केली की मग मागं फिरणं म्हणजे त्यांचं काम टाकून देणं. राधानगरीचे दरवाजे उघडल्यावर पाणी परत धरणात ढकलता येत नाही. म्हणून दोन-तीन शिक्षकांना रविवारी आधी आत सोडा, एकजण क्विझ घेऊन बघेल, एकजण मार्क भरेल, मगच सगळ्यांना.

शिक्षकांना मात्र आठवडाभर आधी तालमीची साइट दाखवा. डावीकडं कोर्सची अनुक्रमणिका आलीय, "माझे कोर्स" वेगळं झालंय, बटणं जागची हललीत, आणि सोमवारी पहिल्या तासाला सगळे तुमच्याकडंच येणार आहेत.

प्रश्न : इचलकरंजीतनं लिहितोय. तुमच्यासारख्यांचं ऐकून टेस्ट कॉपी काढली, तर रात्री दोनला पाचशे मुलांना "असाइनमेंटची मुदत संपत आली" असे मेल गेले, तेही मागच्या वर्षीच्या असाइनमेंटचे. पालकांचे फोन आले. काय चुकलं?

उत्तर : कॉपी जिवंत होती, हे चुकलं. क्रॉन (ठरल्या वेळी मेल वगैरे कामं आपोआप करणारा) चालू राहिला की कॉपीला पण वाटतं आपणच खरी साइट. कॉपी पहिल्यांदा उघडायच्या आधीच कॉन्फिग फाइलमध्ये नो-ईमेल-एव्हर ही सेटिंग चालू करायची, क्रॉन बंद ठेवायचा, मोबाइल ॲपच्या नोटिफिकेशन वेगळ्या बंद करायच्या कारण त्या मेलमधनं जात नाहीत, आणि साइटचा पत्ता बदलायचा. वर "ही तालमीची साइट" अशी लाल पट्टी लावा, नाहीतर एखादे सर इमानदारीत तिथंच अख्ख्या वर्गाचे मार्क भरून बसतात. पालकांना एक साधा मेसेज टाका, चुकून गेलं म्हणून. लोक समजून घेतात.

प्रश्न : गडहिंग्लजला माझा छोटा क्लास आहे, दीडशे मुलं, दोन कोर्स, शेअर्ड होस्टिंगवर जुनं मूडल. एवढं सगळं मला पण करायला लागतंय का?

उत्तर : नाही ओ. तुम्ही नवं मूडल शेजारी रिकामं बसवा, जुन्या साइटवरनं दोन्ही कोर्सचे एमबीझेड (मूडलची कोर्स-बॅकअप फाइल) बॅकअप काढा आणि नव्यावर रिस्टोअर करा. जुन्याचं नव्यावर चढतं, नव्याचं जुन्यावर चढेल याची खात्री नसते. मुलांचे मार्क पण न्यायचे असतील तर बॅकअप काढताना वापरकर्त्यांच्या डेटासमोरची टिक तेवढी विसरू नका, आणि होस्टिंगवाल्याला आधी विचारा पीएचपी 8.1 किंवा त्याच्या वरचं देतो का. नाही म्हणाला तर होस्टिंग बदला, मूडल नंतर.