इटलीतल्या खेड्यात जुनं दगडी घर घेतलंय, किचन अंधारं आणि ओलसर आहे. जुनं रूप न घालवता ते रोजच्या स्वयंपाकाचं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की घर लुनिजानात, म्हणजे टस्कनीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात आहे, किचन तळमजल्यावर, मागची भिंत डोंगराला टेकलेली, दगडी सिंक आणि मोठं फायरप्लेस अजून जागेवर आहे आणि तुम्हाला तिथे रोजची पोळीभाजी करायचीय, नुसतं फोटोपुरतं किचन नकोय. माझं सासर त्याच भागातलं, फिवित्सानोच्या वरच्या अंगाला, आणि नवऱ्याच्या आजीचं घर आम्ही हळूहळू राहण्याजोगं केलं, त्यात सगळ्यात जास्त डोकं किचननेच खाल्लं. त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे टाइल्स आणि कपाटं बघणं आत्ताच बंद करा. सुरुवातीचे पैसे भिंतीत, पाण्यात आणि वायरिंगमध्ये जातात आणि त्यातलं डोळ्याला दिसत काहीच नाही, पण हे न करता महागडं फिटेड किचन बसवलं की दोन हिवाळ्यांत कपाटांच्या पाठी फुगतात आणि आत बुरशीचा वास सुटतो. आमच्या गावात बाहेरून आलेल्या लोकांच्या घरांत हे इतक्यांदा बघितलंय की आता कोणी कपाटांचे कॅटलॉग दाखवायला लागलं की मी आधी विचारते, मागच्या भिंतीला हात लावून बघितलात का?

ओल येते कुठून ते शोधा. डोंगराला टेकलेल्या घरात बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा वर असते, मग पाऊस झाला की पाणी सरळ भिंतीत शिरतं, त्याला आतून कुठलाही रंग लावून उपयोग नाही, बाहेरून चर खणून, खाली भोकांचा पाइप टाकून, वर खडी भरून पाणी बाजूला वळवावं लागतं. पन्हळी फुटल्यात का, छताचं पाणी नेमकं भिंतीच्या पायाशी पडतंय का, हेही बघा, फुकटात होणारी कामं आधी. (चर खणताना पायाच्या खाली जाऊ नका, जुन्या घरांना पाया म्हणावा असा फारसा नसतोच.)

आणि मग सिमेंट. या घरांच्या भिंती साधारण पन्नास-साठ सेंटिमीटर जाड, दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये चुना, माती, चिपा भरलेल्या. अशी भिंत थोडी ओल घेणार आणि सोडणार, ते तिचं कामच आहे. पण युद्धानंतर सिमेंट स्वस्त झालं आणि कोणीतरी हौसेने आतून सिमेंटचा गिलावा मारून ठेवला, मग ओलीला बाहेर पडायला जागाच उरली नाही, ती वर वर चढते आणि कमरेच्या उंचीला लोणा लागतो, पांढरी पावडर झडते, रंगाचे पापुद्रे निघतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सिंकच्या डाव्या हाताला जे दिसतंय ते हेच आहे. उपाय कंटाळवाणा आहे: सिमेंट हाताने, छिन्नी-हातोड्याने काढायचं, ब्रेकर नको कारण आतले दगड सैल होतात, मग भिंत निदान एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवायची, आणि मग चुन्याचा गिलावा. इथे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (ओलीतही घट्ट होणारा) पोत्यात मिळतो, पोत्यावर एनएचएल ३.५ असं लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या हाताला ग्रासेल्लो, म्हणजे विरवून मुरवलेला चुना. आपल्याकडे वाड्यांच्या भिंतींना चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना वापरायचे तीच जात. जुने गवंडी मनापासून करतात, तरुण गवंडी मात्र "सिन्योरा, यात थोडं सिमेंट घातलं की पटकन वाळतं" म्हणणारच. पोतं स्वतः वाचा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक असतात, चेमेंतो, म्हणजे सिमेंट, हा शब्द दिसला की पोतं परत.

अजून एक, जिथे वर्षानुवर्षं चूल पेटलीय तिथला गिलावा काजळीने आतपर्यंत भरलेला असतो. त्यावर नुसती चुन्याची सफेदी मारली तर दोन महिन्यांत पिवळे-तपकिरी डाग वर येतात. फायरप्लेसच्या आजूबाजूचा गिलावा खरवडून काढावाच लागतो. बाकी अंधाराचं म्हणाल तर अर्धा अंधार या काजळीचाच असतो, पांढऱ्या चुन्याने खोली एकदम उजळते. खिडकी मोठी करायचं मनात असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, बाहेरून घर बदललेलं दिसलं की परवानग्या आल्या.

भिंत पाडून ओपन किचन? नको. हा भूकंपाचा भाग आहे, ७ सप्टेंबर १९२० चा भूकंप फिवित्सानोच्याच आसपास झाला होता आणि गावंच्या गावं पडली होती, २०१३ च्या जूनमध्येही चांगला मोठा धक्का बसला. जाड भिंत म्हणजे भार पेलणारी भिंत असंच धरून चाला, तिला हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनियर आणि वेगळी कागदपत्रं. इतकंच काय, पाइप आणि वायरसाठी आडव्या खोल खाचा मारणंसुद्धा टाळा. आम्ही वायरिंग भिंतीवरूनच नेलं, कापडात गुंडाळलेली पिळाची वायर चिनीमातीच्या छोट्या गुंड्यांवरून जाते तशी, आजकाल नव्या नियमात बसणारी तीच वायर मिळते, आणि जुन्या भिंतीवर ती दिसतेही छान.

छताच्या तुळया बहुतेक चेस्टनटच्या असतील. प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तपासा, मध्यभाग नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन टोकाला दाबा, दोन-चार मिलिमीटर शिरला तर ठीक, लोण्यात गेल्यासारखा शिरला तर आतून कुजलंय. बारीक भोकं दिसली म्हणून घाबरू नका, खाली ताजी पिवळसर पावडर पडत असेल तरच किडा जिवंत आहे, मग औषध मारायचं. आणि चेस्टनटमध्ये टॅनिन भरपूर, ओला चुना किंवा लोखंडी खिळा लागला की लाकूड निळं-काळं पडतं, म्हणून गिलाव्याच्या आधी तुळया प्लास्टिकने झाका आणि खिळे-स्क्रू स्टेनलेसचे घ्या.

फरशीबद्दल लोक हमखास सल्ला देतात की सगळं उखडा आणि खाली प्लास्टिकचे इग्लू, म्हणजे घुमटासारखे पोकळ साचे, घालून हवेची पोकळी करा. ओलीसाठी उपाय चांगला आहे, पण त्याने फरशी वर येते, आणि राहत्या खोलीची उंची किमान २.७० मीटर हवी असा १९७५ पासूनचा नियम आहे (डोंगराळ गावांना आणि जुन्या घरांना काही सवलती आहेत), जुनी किचनं आधीच बुटकी असतात. जिओमेत्राला, म्हणजे इथल्या मोजणी आणि बांधकामाची कागदपत्रं करणाऱ्या तंत्रज्ञाला, उंची मोजायला लावा आणि मगच ठरवा. जुन्या लाल कोट्टो (भाजलेल्या मातीच्या) टाइल्स निघाल्या तर एकही फेकू नका, मागचा चुना खरवडून पुन्हा बसवता येतात. बसवल्यावर नीट वाळू द्या, मग जवसाचं तेल आणि मेण. तेल न लावलेल्या कोट्टोवर हळदीचं तेल सांडलं की संपलं.

आता फायरप्लेस, म्हणजे कामिनो. हे ठेवाच. लुनिजानात याच आगीवर तेस्तो, म्हणजे झाकणाचा जाड तवा, ठेवून तेस्तारोली करतात, पीठ-पाण्याचं पातळ मिश्रण ओतून केलेलं आपलं घावनच म्हणा, मग तुकडे करून गरम पाण्यात बुडवून पेस्टो लावतात. माझ्या सासूबाई अजून करतात आणि मी त्याच तेस्तोवर भाकरी टाकून बघितली, मस्त फुगते. पण धुराड्याचं काम आधी: धुराडं साफ करणाऱ्याला बोलवून आतून कॅमेरा सोडायला सांगा, भेगा असतील तर आत स्टीलचा पाइप उतरवतात. आणि हे लक्षात ठेवा, स्वयंपाकाच्या चिमणीचा, म्हणजे गॅसवरच्या हूडचा पाइप या धुराड्यात जोडायचा नाही, चालतच नाही. त्याला वेगळी वाट काढा. शिवाय दारंखिडक्या बंद ठेवून हूड फुल स्पीडवर लावला आणि शेजारी आग पेटलेली असली तर हूड खोलीतली हवा ओढतो आणि धूर उलटा खोलीत येतो. फोडणी देताना खिडकी किलकिली ठेवायची, बस. आत फिल्टर लावून हवा फिरवणारे हूड मिळतात ते आपल्या स्वयंपाकाला कुचकामी, पैसे घालवू नका.

गॅस की इंडक्शन यावर मी गॅसवाली आहे, पण कारण भावनिक नाही. इटलीत घरगुती वीज जोडणी साधारण ३ किलोवॅटची असते. इंडक्शन, ओव्हन आणि गीझर एकत्र चालू झाले की मीटर पडतो, आणि मीटर बहुतेक रस्त्यावरच्या पेटीत असतो, म्हणजे जानेवारीत स्लिपर घालून बाहेर. साडेचार किंवा सहा किलोवॅट करून घेता येतं, मासिक खर्च थोडा वाढतो, इंडक्शन लावायचंच असेल तर आधी हे करा. भारतातून मिक्सर आणणार असाल तर व्होल्टेज तेच, पिन तेवढी बदलून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शनवर चालणार नाही.

वरच्या गावांत पाइपचा गॅस नसतो, सिलिंडरच, तो बाहेर हवेशीर पेटीत ठेवा. शेगडी विकत घेतली की ती पाइपच्या गॅससाठी लावलेली असते, डब्यात एका छोट्या पुडीत सिलिंडरचे नॉझल असतात, ती पुडी पॅकिंगबरोबर कचऱ्यात जाऊ देऊ नका, प्लंबर आल्यावर तीच लागते. रबरी नळीवर मुदतीचं साल छापलेलं असतं. आणि शेगडीच्या खोलीत किमान १०० चौरस सेंटिमीटरचं कायमचं उघडं भोक भिंतीत असायला लागतं, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत. हिवाळ्यात गार वारा येतो म्हणून लोक त्यात चिंध्या कोंबतात. अजिबात करू नका. काम झाल्यावर प्लंबरकडून आणि इलेक्ट्रिशियनकडून सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या, ते २००८ च्या नियमाने त्यांनी द्यायलाच लागतं, घर विकताना मागतात.

ओट्यासाठी इथे एक सोपी गोष्ट आहे, टस्कनीत विटांचं बांधलेलं किचन जुन्या काळापासून चालतं, म्हणजे आपला ओटाच. वाकड्यातिकड्या भिंतीला तयार कपाटं कधीच चिकटत नाहीत, बांधलेला ओटा चिकटतो. खाली दारांऐवजी पडदे लावा, हवा खेळते. वरच्या दगडासाठी, संगमरवराच्या खाणींचं कारारा जवळ असल्यामुळे, संगमरवराचा मोह होईल, कारखान्यांत कापून उरलेले तुकडे बऱ्या भावात मिळतात, पण लिंबू, चिंच, कोकम पडलं की संगमरवराची चकाकी खाल्ली जाते. घ्यायचाच तर मॅट फिनिशचा घ्या, त्यावर ते डाग कमी टोचतात. हळदीच्या डागाचं तितकं टेन्शन नको, ऊन येणारी जागा असेल तर तो उडतो. शेगडीच्या दोन्ही बाजूंना मात्र ग्रॅनाइट लावलं तरी कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

जुनं दगडी सिंक उथळ असतं, कढई घासायला त्रास होतो. ते भाज्या धुवायला ठेवा आणि शेजारी एक खोल सिंक बसवा. जुन्या सिंकचं पाणी पूर्वी भिंतीतल्या भोकातून थेट बाहेर परसात जायचं, तुमचं अजून तसंच जातंय का बघा. घराला सेप्टिक टँक असेल तर किचनच्या पाइपवर तेल अडवणारी टाकी लागतेच, तळण करणाऱ्या घरात तर नक्कीच.

कागदपत्रांचं थोडक्यात: गिलावा, फरशी, सिंक बदलायला साधारण परवानगी लागत नाही, पण घर संरक्षित भागात असेल तर लागू शकते, आणि आतल्या पातळ भिंती हलवायच्या तर जिओमेत्रा आधी नोटीस दाखल करतो. त्याच्याकडून कामाची मोजमापांसह यादी करून घ्या आणि त्याच एका यादीवर तीन गवंड्यांचे भाव मागवा, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्याच कामाचा भाव देतो आणि तुलनाच होत नाही. टॅक्स सवलत २०२५ साली स्वतः राहत असलेल्या घराला ५० टक्के, दुसऱ्या घराला ३६ टक्के होती, खर्चाची मर्यादा ९६,००० युरो, आणि ती दहा वर्षांत विभागून इटलीतल्या इन्कम टॅक्समधून वजा होते. म्हणजे तुमचं उत्पन्न इटलीत नसेल तर ती तुमच्या कामाची नाही, त्या भरवशावर बजेट बांधू नका. असेल तर पैसे ठरावीक मजकुराच्या बँक ट्रान्सफरनेच द्यायचे, रोख दिलेले धरत नाहीत. ऑगस्टमध्ये कोणी कामाला येणार नाही, १५ तारखेच्या आगेमागे तर दुकानंही बंद, चुन्याची पोती जुलैमध्येच आणून ठेवा.

आणि गिलावा चढायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मापाची टेप उभी-आडवी चिकटवून पाइपांचे फोटो काढून ठेवा, फळी ठोकायला ड्रिल मारायच्या आधी तेच बघायचे.