कराटे शिकवावे की कुस्ती?

प्रश्न : माझी मुलगी खानापूरहून रोज बसने बेळगावला महाविद्यालयात जाते. स्वसंरक्षणासाठी तिला कराटे, तायक्वांदो, ज्युदो की कुस्ती शिकवावी? – एक वाचक, खानापूर

उत्तर : शैलीच्या नावापेक्षा तेथे सराव कसा होतो, हे आपण आधी पाहावे. समोरचा जोडीदार खरोखर विरोध करीत असताना डाव टाकण्याची सवय जेथे लागते, तेथील विद्या प्रसंगी हाताशी येते. केवळ हवेत ठोसे मारून पट्ट्यांचे रंग बदलत गेले, तर येत नाही. जपानचे शिक्षक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा अशा मोकळ्या झटापटीला सरावात मोठे स्थान दिले. आपल्याकडच्या तांबड्या मातीतही रोज तेच चालते. मात्र कुस्तीत ठोसा खाण्याची सवय होत नाही आणि हल्लेखोर दोन असतील, तर एकाला खाली दाबून बसणे धोक्याचे ठरते. तायक्वांदोच्या उंच लाथेला गच्च भरलेल्या बसमध्ये जागाच नसते.

आमचा कौल ज्युदोला आहे, कारण त्यात सर्वप्रथम पडायला शिकवतात, आणि रस्त्यावर गंभीर इजा अनेकदा डोके आपटून होते. मनगट धरले गेल्यास पकडणाऱ्याचा अंगठा व बोटे जेथे मिळतात, त्या फटीच्या दिशेने हात झटक्यात फिरवून ओढावा आणि लगेच पळावे. थांबून दुसरा डाव टाकू नये. त्यानंतर ११२ क्रमांकावर फोन करावा. प्रवेश घेण्यापूर्वी वर्गात एक संध्याकाळ बसून, मुले एकमेकांना खरोखर धरतात का, ते पाहावे.